अपेंडिक्स फुटलंय का? रक्ताला विचारून बघू

मुलाचं पोट कालपासून दुखतंय. आधी बेंबीपाशी दुखत होतं, आता उजवीकडे खाली. दोन उलट्या झाल्या, अंगात ताप आहे, चालताना कमरेतून वाकतंय. सोनोग्राफीत अपेंडिक्सला सूज दिसली. इथवरची गोष्ट आई-वडिलांच्या लक्षात येते. मग रक्ताचे रिपोर्ट येतात आणि सर्जन म्हणतात, "सीआरपी बराच वर आहे, सोडियमही खाली गेलंय. फुटलेलं असायची शक्यता आहे. त्या हिशोबानेच तयारी करू."

सीआरपी हे सूज आली की रक्तात वाढणारं प्रथिन, त्याचं एक वेळ समजू शकतं. पण सोडियम? करंगळीएवढ्या एका नळीला सूज आल्याची खबर रक्तातल्या मिठाला कशी लागली?

उत्तर आहे, पण त्याआधी पोटात काय घडतं ते पाहावं लागेल.

अपेंडिक्स म्हणजे मोठ्या आतड्याच्या सुरुवातीला लोंबणारी, एका टोकाला बंद असलेली अरुंद नळी. तिच्या तोंडाशी विष्ठेचा कडक खडा अडकला, किंवा एखाद्या संसर्गानंतर तिच्या भिंतीतल्या लसिका पेशींचे पुंजके सुजले, की आतल्या स्रावाला बाहेर पडायला वाट उरत नाही. स्राव मात्र तयार होतच राहतो. दाब वाढतो, आधी रक्त परत नेणाऱ्या शिरा दबतात, भिंत फुगते, मग भिंतीला रक्त पोचवणाऱ्या धमन्याही हार मानतात. आतड्यातले जंतू त्या अर्धमेल्या भिंतीत शिरतात. गोष्ट इथेच थांबली तर ते साधं अपेंडिसायटिस. भिंत कुजली, तिला छिद्र पडलं, पू पोटात पसरला किंवा एका जागी साठून त्याचा गोळा झाला, तर ते गुंतागुंतीचं. बोलीत आपण याला सरसकट 'फुटलं' म्हणतो.

काही संशोधकांचं मत जरा वेगळं आहे. त्यांच्या मते साधं आणि गुंतागुंतीचं हे एकाच रस्त्यावरचे दोन टप्पे नसून बऱ्याचदा ते मुळातच दोन वेगळे आजार असतात. काही अपेंडिक्स सुजून आपोआप शांत होतात आणि काही पहिल्यापासूनच फुटायच्या वाटेला लागलेले असतात. हा वाद मिटलेला नाही. पण मत कुठलंही धरलं तरी सर्जनला हवं असतं ते एकच: समोरचं मूल यातल्या कुठल्या गटातलं आहे, हे पोट उघडण्याआधी कळायला हवं.

पूर्वी ते कळायला मार्गच नव्हता. नोंद सापडते ती पहिली अपेंडिक्सची शस्त्रक्रिया १७३५ सालची, लंडनच्या सेंट जॉर्जेस हॉस्पिटलमधली. रुग्ण ११ वर्षांचा मुलगा होता. सर्जन क्लॉडियस अम्यांड त्याच्या हर्नियावर शस्त्रक्रिया करत होते. हर्नियाच्या पिशवीत त्यांना अपेंडिक्स सापडलं, आणि त्याला एका टाचणीने भोक पाडलेलं होतं. म्हणजे ते फुटलंय हे उघडल्यावरच समजलं. 'अपेंडिसायटिस' हा शब्द आणि त्या आजाराचं नीट वर्णन यायला १८८६ साल उजाडलं. ते काम बॉस्टनच्या रेजिनाल्ड फिट्झ यांचं.

आता मुलांकडे येऊ, कारण मुलांचं प्रकरण मोठ्यांपेक्षा वेगळं आहे. पाच वर्षांखालच्या मुलाचं अपेंडिक्स निदान होईपर्यंत फुटलेलं असण्याची शक्यता निम्म्याहून जास्त असते. एक तर लहान मूल 'इथे दुखतंय' असं बोट दाखवून सांगत नाही. ते किरकिर करतं, खात नाही, कधी जुलाबही करतं, आणि सगळ्यांना वाटतं पोट बिघडलंय. दुसरं कारण शरीररचनेतलं. मोठ्या माणसाच्या पोटात चरबीचा एक पडदा असतो. सूज आलेल्या जागेभोवती तो जाऊन बिलगतो आणि पू पसरू देत नाही. लहान मुलात हा पडदा पातळ आणि तोकडा असतो. त्यामुळे फुटलं की पू सगळ्या पोटभर होतो.

म्हणून रक्ताकडे बघायचं. पण बघताना दोन प्रश्न वेगळे ठेवायला हवेत, आणि माझ्या मते सगळा घोटाळा ते एकत्र केल्यानेच होतो. पहिला प्रश्न: हे अपेंडिक्सच आहे का? दुसरा प्रश्न: असेल तर ते फुटलंय का? रक्ताच्या तपासण्या पहिल्या प्रश्नावर बऱ्यापैकी कच्च्या आहेत. दुसऱ्यावर त्यांना थोडंफार सांगता येतं. कारण सरळ आहे. रक्ताला जागा कळत नाही. आग किती भडकलीय हे त्याला कळतं, कुठल्या खोलीत लागलीय हे नाही.

पांढऱ्या पेशींपासून सुरुवात करू, कारण त्या प्रत्येक रिपोर्टवर असतात. सूज सुरू झाल्यावर काही तासांतच त्यांची संख्या वाढते. त्यातही न्यूट्रोफिल वाढतात. हे जंतूंवर तुटून पडणारं पहिल्या फळीचं सैन्य. गरज फारच वाढली तर अस्थिमज्जा अर्धवट वाढलेल्या न्यूट्रोफिलनाही बाहेर पाठवते. अशा कोवळ्या पेशी रिपोर्टवर दिसल्या तर डॉक्टर भुवई उंचावतात. अडचण अशी की पांढऱ्या पेशी फार हळव्या असतात. भरपूर उलट्या, भीती, नुसता ताण, स्टेरॉइडचं औषध, न्यूमोनिया, कशानेही त्या वाढतात. उलट, अपेंडिक्स खरोखर सुजलेल्या काही मुलांत त्या नॉर्मल निघतात.

यावर उपाय म्हणून एक भागाकार वापरात आला. न्यूट्रोफिलच्या आकड्याला लिम्फोसाइट या दुसऱ्या प्रकारच्या पांढऱ्या पेशींच्या आकड्याने भागायचं. शरीरावर जंतूंचा मोठा हल्ला झाला की न्यूट्रोफिल वाढतात आणि ताणाच्या संप्रेरकांमुळे लिम्फोसाइट घटतात. त्यामुळे दोन्ही बदल या एका आकड्यात उमटतात. न्यूट्रोफिल ८० टक्के आणि लिम्फोसाइट १० टक्के असतील तर गुणोत्तर ८. वेगळा खर्च नाही, वेगळी सुई नाही, साध्या सीबीसीच्या, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीच्या, कागदावरून निघतं. फुटलेल्या अपेंडिक्समध्ये ते साध्यापेक्षा जास्त असतं, हे अनेक अभ्यासांत दिसलंय. पण सगळ्या वयाच्या मुलांना एकाच काठीने हाकता येत नाही. साधारण चार-पाच वर्षांपर्यंत निरोगी मुलाच्या रक्तात लिम्फोसाइटच जास्त असतात, त्यानंतर न्यूट्रोफिल पुढे जातात. म्हणजे दोन वर्षांच्या बाळातला ३ आणि बारा वर्षांच्या मुलातला ३ यांचा अर्थ एक नाही. मोठ्यांसाठी ठरवलेली मर्यादा बाळाला लावली तर बाळ आजारी असूनही आकडा निवांत दिसेल.

आता सीआरपी. या प्रथिनाचा शोध १९३० सालचा, न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमधला. विल्यम टिलेट आणि थॉमस फ्रान्सिस न्यूमोनियाच्या रुग्णांचं रक्त तपासत होते. न्यूमोकॉकस जंतूच्या आवरणातल्या 'सी' नावाच्या पदार्थाला चिकटणारं काहीतरी त्यांना त्या रक्तात सापडलं, म्हणून नाव सी-रिअ‍ॅक्टिव्ह प्रोटीन. पुढे कळलं की ते यकृतात बनतं, आणि ते बनवण्याचा हुकूम इंटरल्युकिन-६ हा रासायनिक निरोप्या देतो. सूज आलेल्या ऊतींमधून हा निरोप्या रक्तात उतरतो. त्याचं नाव लक्षात ठेवा, तो पुन्हा भेटणार आहे.

सीआरपी वाचताना हाताशी घड्याळ हवं. सूज सुरू झाल्यावर तो वाढायलाच सहाएक तास जातात. मग साधारण दर आठ तासांनी दुप्पट होत जातो आणि दीड-दोन दिवसांनी शिखर गाठतो. त्यामुळे दुखायला लागून पाचच तास झालेल्या मुलाचा सीआरपी नॉर्मल आला तर त्यावर विसंबून घरी जाता येत नाही. वरातीमागून येणारं हे घोडं अजून गावाच्या वेशीवरही पोचलेलं नसतं. पण तेच दुखणं दोन दिवसांचं असेल आणि सीआरपी नॉर्मल असेल, तर अपेंडिक्स फुटलेलं असणं कठीण. आकडा तोच, पण घड्याळामुळे त्याचा अर्थ फिरला. फुटलेल्या अपेंडिक्समध्ये सीआरपी साध्यापेक्षा सहसा बराच जास्त असतो. काही अभ्यास लिटरमागे ४०-५० मिलिग्रॅमच्या आसपास रेषा ओढतात, काही त्याहून वर. सर्वमान्य अशी एक रेषा नाही. ते साहजिकच आहे, कारण प्रत्येक अभ्यासातली मुलं दुखायला लागल्यापासून वेगवेगळ्या तासाला दवाखान्यात पोचलेली असतात.

एक छोटी गोष्ट, पण फार गोंधळ घालणारी. सीआरपी काही लॅब लिटरमागे मिलिग्रॅममध्ये देतात, काही डेसिलिटरमागे. दोन्हींत दहापटीचा फरक आहे. एका लॅबचा ६ आणि दुसरीचा ६० हे एकच रक्त असू शकतं. दोन रिपोर्ट शेजारी ठेवताना आकड्यापुढचं एकक आधी बघा.

प्रोकॅल्सिटोनिन हा या मंडळीतला महागडा सदस्य. एरवी ते थायरॉइड ग्रंथीत तयार होऊन तिथेच कॅल्सिटोनिन संप्रेरकात बदलतं, रक्तात जवळजवळ नसतंच. जंतूंचा संसर्ग शरीरभर पसरू लागला की थायरॉइडशी संबंध नसलेले अवयवही ते रक्तात सोडायला लागतात. १९९३ साली फ्रेंच संशोधकांनी मुलांच्या रक्तातच हे दाखवून दिलं. ते सीआरपीपेक्षा लवकर, तीन-चार तासांत वाढतं. मग सगळ्या मुलांची ही तपासणी का करत नाहीत? कारण अपेंडिक्सची सूज त्या नळीपुरती असते तोवर ते फारसं वाढत नाही. 'अपेंडिक्स आहे का' या प्रश्नावर प्रोकॅल्सिटोनिन सपशेल नापास होतं. 'फुटून पोटभर झालंय का' या प्रश्नावर मात्र बऱ्यापैकी पास होतं. दोन प्रश्न वेगळे ठेवा म्हटलं ते यासाठीच.

बिलिरुबिन आपल्याला काविळीमुळे माहीत. आतड्यातले ई-कोलाय जातीचे जंतू आणि त्यांच्या आवरणातलं विष पोटातल्या शिरांमधून थेट यकृतात पोचतं. तिथे पित्त बाहेर टाकण्याच्या कामात ते अडथळा आणतं, आणि बिलिरुबिन थोडंसं वाढतं. फुटलेल्या अपेंडिक्समध्ये हे दिसतं, पण सगळ्यांत नाही. म्हणून वाढलं तर संशय बळावतो आणि नाही वाढलं तर काहीच सिद्ध होत नाही. शिवाय गिल्बर्ट सिंड्रोम नावाचा एक निरुपद्रवी जन्मजात गुण पुष्कळ लोकांत असतो. तो बहुधा वयात येताना उघड होतो. अशा मुलाने एक दिवस जेवण टाळलं तरी बिलिरुबिन वर जातं, आणि पोट दुखणारं मूल जेवलेलं नसतंच.

आणि हे आपलं सोडियम. रक्तात ते लिटरमागे १३५ ते १४५ मिलीमोल असतं. फुटलेलं अपेंडिक्स असलेल्या मुलांत ते १३५च्या खाली गेलेलं जास्त वेळा आढळतं. पहिला अंदाज असा की उलट्यांतून मीठ गेलं असणार. थोडं जातंही, पण खरी गोष्ट मिठाची कमी आणि पाण्याची जास्त आहे. मेंदूतून व्हॅसोप्रेसिन नावाचं संप्रेरक सुटतं. ते मूत्रपिंडाला सांगतं की पाणी धरून ठेव. मळमळ, वेदना, शरीरातलं पाणी कमी होणं, या सगळ्यांनी ते वाढतं. शिवाय इंटरल्युकिन-६, तोच मघाचा निरोप्या, व्हॅसोप्रेसिनलाही चिथावतो. मूत्रपिंड पाणी अडवून ठेवतं. त्यात घरी कोणी 'पाणी पी, पाणी पी' म्हणत साधं पाणी पाजत राहिलं, की रक्तातलं सोडियम पातळ होतं. म्हणजे सीआरपी चढतो आणि सोडियम उतरतं, दोन्हींमागे बऱ्याच अंशी एकच निरोप्या असतो. मला हा या सगळ्यातला सर्वांत मजेदार भाग वाटतो. सोडियम ही काही अपेंडिक्सची तपासणी नव्हेच. सलाईन लावण्याआधी ती बहुतेक ठिकाणी होतेच, आणि रिपोर्टच्या कोपऱ्यात पडलेला तो आकडा कित्येक वर्षं कोणी या दृष्टीने वाचत नव्हतं. त्याचा उपयोग निदानापुरताच नाही. अशा मुलाला कमी मिठाचं सलाईन दिलं तर सोडियम आणखी उतरेल, म्हणून रक्ताइतकंच मिठाचं प्रमाण असलेलं सलाईन निवडतात.

सोडियमवर भाळून जाण्याआधी एक सापळा बघा. पोटात जोरात दुखतंय, उलट्या होताहेत, पांढऱ्या पेशी वाढल्यात, सोडियम कमी आहे. अपेंडिक्स फुटलं? कदाचित. पण नुकताच सुरू झालेला आणि अजून कोणालाच माहीत नसलेला मधुमेह चिघळला, तरी मूल हुबेहूब असंच दिसतं. तिथे सोडियम उतरतं ते साखर चढल्यामुळे. बोटाला टोचून साखर बघायला एक मिनिट लागतं, आणि पोट उघडण्याआधी ते मिनिट काढायलाच हवं.

याखेरीज फायब्रिनोजेन, डी-डायमर, खुद्द इंटरल्युकिन-६, लघवीतली काही प्रथिनं, अशी यादी वाढतच चाललीय. त्यांतली बरीचशी अजून अभ्यासांच्या पातळीवरच आहेत. रात्री दोन वाजता कुठलीही लॅब करून देईल असा आकडा आणि संशोधनात चमकलेला आकडा यांत फरक असतो. पहिलाच कामाचा.

आता थोडी आकडेमोड. आकडे समजण्यापुरते, मी मानलेले आहेत. समजा एक तपासणी फुटलेल्या १०० मुलांपैकी ८० जणांना बरोबर पकडते, आणि न फुटलेल्या १०० पैकी ८० जणांना बरोबर सोडते. ऐकायला उत्तम. ही तपासणी अपेंडिक्सचं निदान झालेल्या १०० मुलांवर वापरली. त्यांतली ३० फुटलेली आहेत असं धरू. ३० पैकी २४ पकडली जातील, ६ सुटतील. उरलेल्या ७० पैकी १४ विनाकारण पकडली जातील. म्हणजे तपासणीने ज्यांना 'फुटलंय' म्हटलं त्या ३८ मुलांत खरी २४, साधारण ६३ टक्के.

तीच तपासणी नुसतं पोट दुखतंय म्हणून आलेल्या १००० मुलांवर करा. त्यांतली फक्त २० फुटलेल्या अपेंडिक्सची आहेत असं धरा. १६ पकडली जातील. पण उरलेल्या ९८० पैकी १९६ सुद्धा पकडली जातील. २१२ जणांवर शिक्का बसला, खरे १६. आठ टक्केसुद्धा नाहीत. यंत्र तेच, रसायन तेच, बदलली फक्त रांग. म्हणून डॉक्टर आधी हाताने पोट दाबून बघतात, सोनोग्राफी करतात आणि मग त्या गाळणीतून उरलेल्या मुलांचे आकडे वाचतात. कोणी उलट क्रमाने गेलं, आधी सीआरपी आणि मग पोट, तर अर्धा गाव अपेंडिक्सचा रुग्ण ठरेल.

आकडे आणि हात यांची सांगड घालणारे गुणतक्तेही आहेत. अल्वाराडो यांचा १९८६ सालचा, आणि खास मुलांसाठी मदन सॅम्युएल यांनी २००२ साली दिलेला. दोन्ही दहापैकी गुण देतात. दुखणं सरकणं, भूक न लागणं, दाबल्यावर दुखणं, ताप यांच्या जोडीला पांढऱ्या पेशी १०,००० च्या वर आणि न्यूट्रोफिल वाढलेले असतील तर त्यांचे गुण. सीआरपी दोन्हींत नाही. आणि दोन्ही तक्ते पहिल्या प्रश्नासाठी बनलेत, दुसऱ्यासाठी नाहीत. जास्त गुण मिळालेलं अपेंडिक्स फुटलेलंच असेल असं नाही.

हा दुसरा प्रश्न अलीकडे एवढा महत्त्वाचा का झाला? पूर्वी उत्तर काहीही असलं तरी पुढे ऑपरेशनच होतं, मग आधी कळून फरक काय पडणार? आता साध्या अपेंडिसायटिसमध्ये ऑपरेशन न करता फक्त प्रतिजैविकांवर ठेवण्याचा पर्याय काही मुलांना दिला जातो. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात असा पर्याय निवडलेल्या मुलांपैकी साधारण दोन तृतीयांश मुलांना वर्षभरात ऑपरेशन लागलं नाही. हा पर्याय देण्याआधी अपेंडिक्स फुटलेलं नाही याची बऱ्यापैकी खात्री लागते. आत खडा दिसला तर बहुतेक डॉक्टर हा रस्ता टाळतात. शिवाय फुटलेलं असेल तर प्रतिजैविकं वेगळी आणि जास्त दिवसांची, दवाखान्यातला मुक्काम लांब, कधी आधी पू काढून मग काही काळाने ऑपरेशन. सुरुवातीला आठवलेल्या सर्जनचं 'त्या हिशोबाने तयारी' म्हणजे हे सगळं.

एकदाच घेतलेला आकडा शंकास्पद असेल तर मुलाला दवाखान्यात ठेवून काही तासांनी पुन्हा पोट तपासतात, पुन्हा रक्त घेतात. पालकांना ही टाळाटाळ वाटते. खरं तर चढण दिसायला दोन बिंदू लागतात. आणि याच काळात एक फसवी गोष्ट घडू शकते. तट्ट फुगलेली नळी फुटली की आतला दाब एकदम उतरतो, आणि काही मुलांचं दुखणं थोडा वेळ चक्क कमी होतं. मूल म्हणतं आता बरं वाटतंय, डोळा लागतो, सगळे सुटकेचा श्वास टाकतात. नंतर दुखणं परत येतं ते सगळ्या पोटभर. त्या मधल्या शांत तासांत सीआरपी मात्र खाली येत नाही, तो चढतच असतो. म्हणून दवाखान्यात शिरताना डॉक्टरांना दोन गोष्टी न विचारता सांगाव्यात: दुखणं नक्की किती वाजता सुरू झालं, आणि मध्येच एकदम कमी झालं होतं का.